भरलेल्या खोलीत नवं फर्निचर बसवताना

खोली ३ मीटर बाय २.७ मीटर. एका भिंतीला १२० सेमीचं जुनं टेबल, त्यावर संगणक, दोन स्क्रीन आणि प्रिंटर. टेबलाखाली खोकी, समोरच्या भिंतीशी जमिनीवरच रचलेली पुस्तकं आणि फायली, दाराच्या मागे बॅगा. त्यात यायचं होतं ते असं: १८० सेमी उंच, ८० सेमी रुंद आणि ३० सेमी खोल असं पुस्तकांचं उघडं कपाट; चाकांवरचं तीन खणांचं ड्रॉवर युनिट; मोटरने उंची कमीजास्त होणारं १४० बाय ७० सेमीचं टेबल; आणि खुर्ची. चारही वस्तू सुट्या भागांत, सपाट खोक्यांतून आलेल्या.

असं काम निघालं की सगळं लक्ष जोडणीकडे जातं. जोडणी तुलनेने सोपी असते. भोकं कारखान्यातच पाडलेली असतात, पुस्तिकेत चित्रं असतात. घोडं अडतं ते जमिनीवर. १८० सेमीचं कपाट आडवं ठेवून जोडायचं तर त्याच्या मापाची जागा आणि निदान दोन बाजूंनी गुडघे टेकून बसण्यापुरती साठ-साठ सेंटिमीटर जागा हवी, म्हणजे साधारण २.४ बाय १.४ मीटर. भरलेल्या खोलीत एवढी सलग जमीन एकदाच, तीही मोठ्या मिनतवारीने मोकळी होते. त्यामुळे कोणती वस्तू आधी जोडायची हे आपल्याला टेबलाची किती घाई आहे यावर ठरवू नये. जी वस्तू उभी राहिल्यावर जमिनीवरचा पसारा पोटात घेईल ती पहिली.

त्या हिशेबाने क्रम निघाला: आधी कपाट, मग ड्रॉवर युनिट, मग जुनं टेबल बाहेर, मग नवं टेबल, शेवटी खुर्ची. जुनं टेबल तिसऱ्या क्रमांकापर्यंत मुद्दाम ठेवलं. ड्रॉवर युनिट जोडायला कमरेइतक्या उंचीचा पृष्ठभाग मिळाला तर पाठ वाचते, आणि टाकायच्या टेबलावर ओरखडे पडले तरी वाईट वाटत नाही. खुर्ची सगळ्यांत सोपी म्हणून बरेच जण तिच्यापासून सुरुवात करतात. जोडलेली खुर्ची ६५ बाय ६५ सेमी जमीन अडवते आणि चाकं असल्यामुळे नेमकी वाटेत येत राहते. तिचं खोकं मात्र उभं करून कोपऱ्यात ठेवता येतं.

मापं घेताना खोलीचं माप सगळे घेतात, वाटेचं कुणी घेत नाही. दाराची मोकळी रुंदी म्हणजे चौकट ते चौकट नव्हे. दार पूर्ण उघडल्यावर दाराची जाडी आणि मूठ वजा जाऊन उरते ती. जिन्याच्या वळणावर आणि लिफ्टमध्ये खोक्याची लांबी तिरकी बसते का हे पाहावं. अरुंद बोळातून काटकोनात खोलीत वळायचं असेल तर १८५ सेमीचं खोकं अडू शकतं. तेव्हा ते बाहेरच फोडून फळ्या एकेक करून आत नेणं शहाणपणाचं. कपाट आडवं जोडून उभं करायचं असेल तर आणखी एक माप लागतं. उभं करताना कपाटाची उंची नव्हे, बाजूच्या फळीचा कर्ण छताखाली मावावा लागतो. १८० सेमी उंच आणि ३० सेमी खोल कपाटाला तो १८२.५ सेमी येतो, त्यामुळे इथे लटकत्या दिव्याखेरीज अडचण नव्हती. पण २४० सेमी उंच आणि ६० सेमी खोल कपाटाचा कर्ण २४७ सेमीच्या वर जातो, आणि २४५ सेमीच्या छताखाली ते आडवं जोडलं तर उभंच राहणार नाही. ते उभ्यानेच जोडावं लागतं.

खोली रिकामी करायचा मोह टाळावा. पसारा दुसऱ्या खोलीत नेला की तिथे तोच पसारा उभा राहतो, आणि तिथून तो वर्गवारी न होता परत येतो. त्याऐवजी वस्तूंचे तीन ढीग केले: कपाटात जाणार, टेबलावर किंवा खणात जाणार, या खोलीत परत येणार नाही. तिसरा ढीग लगेच दाराबाहेर. पहिला ढीग कपाट जिथे उभं राहायचं आहे त्याच्या समोरच्या भिंतीशी, पुस्तकं सारख्या उंचीची करून, छातीच्या खाली राहील इतकाच रचला. कागदांचं वजन भलतं असतं. ए४ आकाराच्या नेहमीच्या जाडीच्या कागदाचं ५०० पानांचं एक रीमच २.५ किलो भरतं. त्यामुळे मोठं खोकं पुस्तकांनी भरू नये. उचलताना तळ सुटतो.

संगणक हलवण्याआधी दोन गोष्टी. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी घेतली, आणि मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिकटपट्टी लावली. एका टोकाला लावून भागत नाही, कारण गोंधळ नेहमी दुसऱ्या टोकाला होतो. राउटर शक्यतो शेवटपर्यंत चालू ठेवावा. पुस्तिकेतलं चित्र कळलं नाही की जोडणीचा व्हिडिओ पाहावाच लागतो.

आता हत्यारं. खोक्यात येणारी ॲलन की, म्हणजे वाकडी षटकोनी किल्ली, चालते, पण टेबलाला वीस-पंचवीस बोल्ट असतील तर मनगट बोलतं. लांब दांड्याची ४ आणि ५ मिमीची की घ्यावी. चौफुलीच्या स्क्रूड्रायव्हरबद्दल एक बारकावा: या फर्निचरचे बरेचसे स्क्रू साध्या फिलिप्स खाचेचे नसून पोझिड्राइव्ह असतात. त्यांच्या माथ्यावर मुख्य फुलीच्या हातांच्या मधे चार बारीक रेघा दिसतात. त्यात फिलिप्सचं टोक घातलं तर ते वर उसळतं आणि खाच झिजते. पीझेड२ मापाचं एक टोक असलं की जवळपास सगळं काम होतं. याखेरीज मेजपट्टी, पाणसळ, रबरी हातोडी, लहान हातोडी, पेन्सिल आणि ३ मिमीचं ड्रिल बिट. ड्रिल मशीनने पेच आवळायचे असतील तर क्लच, म्हणजे जोर ठरवणारी आकड्यांची कडी, सगळ्यांत खालच्या आकड्यांवर ठेवावा, आणि शेवटचे दोन फेरे हातानेच. कॅमला, म्हणजे फळ्या आवळून धरणाऱ्या धातूच्या गोल तुकड्याला, तर मशीन लावूच नये.

खोकं फोडल्यावर पहिलं काम मोजणी. पेच, खुंट्या, कॅम सगळं वाट्यांमध्ये वेगळं करून यादीशी ताडून पाहिलं. एखाद-दुसरा नग जास्त निघतो, तो ठेवून द्यावा. कमी निघाला तर जोडणी सुरू करण्याआधी कळलेलं बरं, कारण अर्धवट कपाट जमिनीवर पडून राहिलं की सगळा क्रमच कोसळतो. जवळपास सारख्या लांबीचे पेच मेजपट्टीवर ठेवून पाहावेत. १८ मिमी जाडीच्या फळीच्या सपाट बाजूत १६ मिमीचा पेच मावतो. त्याच जाडीचा २० मिमीचा चुकून तिथे गेला तर दर्शनी बाजूने टोक बाहेर येतं, आणि त्याला इलाज नाही.

फळ्या पुठ्ठ्यावरच पसरल्या. खोक्याचा पुठ्ठा शेवटपर्यंत टाकू नये. जमीनही वाचते आणि कोपरेही. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा चुरा. सपाट बाजूने तो दणकट असतो, कोपऱ्यावर आपटला तर फुगून फुटतो. फळी कधीही कोपऱ्यावर टेकवून फिरवायची नाही.

मिनिफिक्स, म्हणजे कॅम आणि त्यात अडकणारी पिन, ही या सगळ्या जोडणीची मुख्य कळ. पिन एका फळीच्या सपाट बाजूत आट्यांनी बसते, तिचं डोकं दुसऱ्या फळीच्या कडेतून आत शिरतं, आणि तिथे १५ मिमी व्यासाचा कॅम फिरवला की तो पिनचं डोकं आत ओढतो. ती तीन ठिकाणी बिघडते. पिन तिच्या कॉलरपर्यंत बसलेली नसेल तर डोकं जास्त बाहेर राहतं आणि कॅम नुसता फिरतो. कॅम बसवताना त्याच्यावरचा बाण फळीच्या कडेकडे, पिन जिथून येणार त्या भोकाकडे नसेल तर डोक्याला आत जायला वाटच नसते. आणि तिसरं, पुढे ढकलायचा जोर कॅमनेच लावायचा असं समजून लोक फिरवत सुटतात. दोन फळ्या आधी हाताने पूर्ण भिडवायच्या, मधे फट उरता कामा नये, आणि मगच कॅम घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा. अवरोध आला की थांबायचं. हे कॅम जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. जास्त जोर लावला तर वाकत नाहीत, तुटतात, आणि तुटलेला तुकडा भोकातून काढताना पत्र्यासारखा वरचा थर उचकटतो.

फळ्या भिडत नसतील तर दोष बहुधा लाकडी खुंटीचा असतो. ८ मिमीच्या भोकात कारखान्यातला भुसा साठलेला असतो, खुंटी दोन मिलिमीटर वर राहते आणि तेवढीच फट जोडात दिसते. प्रत्येक भोक उलटं करून ठोकून किंवा बारीक काडीने साफ करून घेतलं. खुंट्यांना गोंद लावावा का? कपाटाला नको. घर बदलताना ते सुटायला हवं. खणांच्या जोडांना लावायला हरकत नाही, ते कुणी परत सोडत नाही.

यानंतरची खरी मेख दिशेची. कपाटात वरची, खालची आणि मधली पक्की फळी सारख्याच लांबीच्या असतात, फरक असतो तो खाचेत आणि कडपट्टीत. कडपट्टी लावलेली बाजू पुढे, पाठीच्या पत्र्याची खाच मागे. मधली फळी उलटी बसली तर ते कळतं थेट पाठ बसवताना, म्हणजे आठ कॅम सोडायची वेळ आल्यावर. उपाय साधा आहे. जोडायच्या आधी सगळ्या फळ्या एका रांगेत, कडपट्टी आपल्याकडे करून ठेवायच्या आणि खाचा एकाच रेषेत येतात का ते बघायचं.

पाठ साधारण ३ मिमीच्या हार्डबोर्डची असते. ती दिसायला फालतू, पण कपाटाचा काटकोन तीच धरून ठेवते. तिच्याशिवाय कपाट बाजूने ढकललं की समांतरभुज चौकोन होतं. म्हणून पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजले. १८० बाय ८० सेमीच्या चौकटीचा कर्ण १९७ सेमी येतो. दोन्ही कर्णांत २ मिमीपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर ज्या दोन कोपऱ्यांमधला कर्ण मोठा आहे ते एकमेकांकडे दाबायचे, पुन्हा मोजायचं. मग पाठ ठेवून एक लांब बाजू आधी, १० ते १२ सेमीवर एक असे खिळे. खिळा फळीच्या जाडीच्या मधोमध आणि सरळ जायला हवा, म्हणून पाठीवर कडेपासून ९ मिमीवर पेन्सिलची रेघ मारून घेतली. तिरका गेलेला खिळा कपाटाच्या आत डोकावतो आणि पुढे पुस्तकं फाडतो. असा काटकोन जुळवण्याला सुतार ‘गुण्यात आणणं’ म्हणतात, आणि सुट्या फर्निचरमध्ये गुण्यात आणायची एवढी एकच संधी मिळते. खिळे बसल्यावर विषय संपला.

कपाट उभं करायला दोन माणसं लागतात. वजनापेक्षा मुद्दा पिळाचा आहे. एकट्याने एक कोपरा आधी उचलला तर सगळे जोड पिळले जातात. खालच्या कडेशी पुठ्ठ्याची घडी ठेवून, दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम उचललं. भिंतीच्या पायथ्याशी फरशीची पट्टी असेल तर कपाट तेवढं पुढे राहतं आणि वर एक-दोन सेंटिमीटरची फट पडते. म्हणून भिंतीला जखडायची पट्टी त्या फटीपलीकडे पोचेल अशी हवी. जखडायचं मात्र नक्की. ३० सेमी खोल आणि १८० सेमी उंच वस्तू पुढे झुकायला फार जोर लागत नाही, आणि लहान मुलं फळ्यांचा शिडीसारखा उपयोग करतात. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हॅमर ड्रिलने भोक, प्लॅस्टिकची गिट्टी आणि पेच. जिप्समची भिंत असेल तर आतल्या उभ्या पट्टीवरच पेच घ्यायचा, नुसत्या बोर्डावर नाही. भिंतीत भोक पाडताना स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत पाडू नये; आतल्या वायरी बहुधा याच रेषांत गेलेल्या असतात.

जखडण्याआधी पाणसळ लावून पाहिली. जमिनीचा उतार डोळ्याला दिसत नाही. उघड्या कपाटाला एकवेळ चालतो, पण दारं असतील तर ती वरखाली दिसतात आणि लोक बिजागऱ्यांशी झटत बसतात. खाली पातळ प्लॅस्टिकची पाचर दिली की काम झालं. पुठ्ठ्याची देऊ नये, ती काही महिन्यांत दबते.

भरताना जड ते खाली. फळीवर पुस्तकांचा भार दर मीटरला साधारण ३० किलोपर्यंत जातो. १८ मिमीची पार्टिकल बोर्डची फळी ६० सेमीच्या गाळ्यात तो बरा सोसते, ८० सेमीच्या गाळ्यात मात्र काही महिन्यांत मधे झुकते. यामागचं गणित निर्दय आहे. दर सेंटिमीटरवर भार तोच असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे ६०चे ८० केले की तिपटीहून जास्त. जाडी वाढवली तर तो तिसऱ्या घातात घटतो. २५ मिमीची फळी १८ मिमीच्या तुलनेत अडीचपटीहून अधिक ताठ असते. जाड फळी मिळत नसेल तर गाळ्याच्या मधोमध, मागच्या बाजूला एक उभी पट्टी देणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. ती मात्र सगळ्यांत खालच्या कप्प्यापासून एकाच रेषेत वर जायला हवी. नाहीतर भार नुसता खालच्या फळीवर सरकतो. झुकलेली फळी उलटी करून लावली की काही काळ सरळ दिसते, पण हा उपाय पुढचं संकट फक्त लांबवतो.

कपाट भरलं आणि जमीन दिसू लागली. ड्रॉवर युनिट जुन्या टेबलावर जोडलं. त्यात वेळ जातो तो चॅनेलमध्ये, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांमध्ये. चाकवाल्या साध्या चॅनेलवर सीएल, सीआर, डीएल, डीआर असे शिक्के असतात: कपाटाची (म्हणजे युनिटच्या सांगाड्याची) डावी, उजवी, खणाची डावी, उजवी. कपाटावरच्या चॅनेलचं चाक पुढे येतं, खणावरच्याचं मागे. एवढं लक्षात ठेवलं की शिक्का पुसट असला तरी चालतं. बॉल बेअरिंगच्या चॅनेलना दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जागा लागते. ती कमी असेल तर खण घासत जातो, जास्त असेल तर छर्रे मधेच अडखळतात. खण काढायची प्लॅस्टिकची कळ एका बाजूला वर उचलायची आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबायची असते. दोन्ही वर ओढत बसलं की खण निघत नाही आणि कळ तुटते. चाकांच्या युनिटचा खालचा मोठा खण फायलींनी भरून पूर्ण बाहेर ओढला की सगळं युनिट पुढे कलंडतं. त्यासाठी समोर खणाखाली पाचवं चाक असतं किंवा मागे लोखंडी वजन दिलेलं असतं. खोक्यातलं ते ‘जास्तीचं’ चाक किंवा पट्टी फेकू नये.

मग जुनं टेबल गेलं आणि नव्याची पाळी आली. १४० बाय ७० सेमीची २५ मिमी जाड फळी १६-१७ किलोची, त्याखाली दोन मोटरी असलेली लोखंडी चौकट त्याहून जड. हे टेबल उलटं जोडायचं असतं, म्हणजे दर्शनी बाजू खाली. खाली पुठ्ठा आणि त्यावर जाड चादर अंथरली आणि चादरीवरून आधी हात फिरवला. एक पडलेला पेच फळीवर आयुष्यभराची खूण करतो.

चौकटीचे सगळे बोल्ट आधी फक्त हाताने, तीन-चार आटे धरतील इतकेच. मधला दांडा फळीच्या मापाला सरकवून दोन्ही बाजूंना फळी सारखी बाहेर राहते का ते मोजलं, पाय एकमेकांना समांतर आहेत का ते पुढून आणि मागून अंतर मोजून पाहिलं, आणि मग आवळायला सुरुवात. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला की उरलेल्यांपैकी एकाचं भोक हमखास जुळत नाही. पाय समांतर नसतील तर टेबल वर जाताना किरकिरतं आणि मोटरींवर ताण येतो.

फळीत तयार भोकं नसतील तर ती पाडावी लागतात. ५ मिमीच्या पेचाला ३ मिमीचं भोक. बिटावर टोकापासून १८ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळायची आणि ती फळीला टेकली की थांबायचं. पेच काढून परत लावायची वेळ आली तर आधी उलटा, घड्याळाच्या विरुद्ध, हलकेच फिरवायचा. एका ठिकाणी तो किंचित खाली बसल्याचं हाताला जाणवतं. तिथून सरळ आवळला की जुन्याच आट्यांत जातो. नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि चुऱ्यात दुसऱ्यांदा पाडलेले आटे धरत नाहीत. आटे गेलेच तर भोकात लाकडाचा पांढरा गोंद आणि बांबूच्या काड्या ठासून भरायच्या, रात्रभर सुकू द्यायचं, वरचं कापून पुन्हा भोक पाडायचं. नुसता जाड पेच घातला तर फळी आतून फुगते.

मोटरीच्या वायरी आणि कंट्रोल बॉक्स टेबल उलटं असतानाच लावून घ्यावं. त्याच वेळी एक्स्टेंशन बोर्डही फळीच्या खालच्या बाजूला पक्का केला. उंची बदलणाऱ्या टेबलाचं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे आणि पुस्तिकेत बहुधा नसतं. टेबल ७० सेमीपासून १२० सेमीपर्यंत जात असेल तर जमिनीवरच्या बोर्डाला जोडलेली प्रत्येक वायर ५० सेमी जास्त लांब हवी, आणि टेबल खाली असताना तो सगळा जादाचा भाग पायांत लोळतो. बोर्ड टेबलाबरोबर वरखाली होत असेल तर भिंतीपर्यंत जाणारी एकच वायर मोकळी सोडावी लागते. त्या बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नये.

टेबल सुलटं करताना फळीच्या कडेला धरून उचललं तर सगळा भार पेचांवर येतो आणि ते चुऱ्यातून उपटले जातात. दोघांनी चौकटीला धरायचं, आधी लांब कडेवर उभं करायचं, मग उचलून चारही टोकं एकदम टेकवायची. एका बाजूच्या पायावर उभं करून फिरवू नये. पाय आणि चौकटीच्या जोडावर पीळ बसतो.

वीज दिल्यावर पहिल्यांदा टेबल बहुधा हलत नाही किंवा मधेच थांबतं. ते बिघडलेलं नसतं, दोन पायांची शून्य जागा त्याला माहीत नसते. खाली जायचं बटण दाबून टेबल पूर्ण खाली आणायचं, सोडायचं, आणि तेच बटण पुन्हा दाबून ठेवायचं. किंचित खाली जाऊन वर आलं की जुळणी झाली. बटणांचा क्रम उत्पादकानुसार थोडा बदलतो, तो पुस्तिकेत असतो. नंतर उत्साहात पाच-सहा वेळा वरखाली करून पाहायचा मोह होतो. या मोटरी सहसा २ मिनिटं चालवून १८ मिनिटं विश्रांती अशा बेताने बनवलेल्या असतात. जास्त चालवलं की तापून स्वतःच बंद पडतात.

टेबल भिंतीला चिकटवायचं नाही. निदान ३ सेमी सोडावेत, वर खिडकीची चौकट किंवा खालून ड्रॉवर युनिटची कड येत असेल तर त्याहून जास्त. अडथळा लागला की थांबायची सोय टेबलात असते, पण हलक्या वस्तूला ती दाद देत नाही. ड्रॉवर युनिट म्हणूनच टेबलाखाली न सारता शेजारी ठेवलं.

मॉनिटर आर्म, म्हणजे स्क्रीन टेबलाच्या वर धरणारा हात, लावायचा असेल तर टेबल भिंतीशी नेण्याआधीच. शिकंजा जिथे बसणार तिथे खाली चौकटीचा दांडा येतो का ते पाहावं, आणि फळीच्या वरखाली लोखंडी पट्टी द्यावी. पार्टिकल बोर्डावर आर्मचं सगळं वजन एका लहान चकतीवर आलं की फळी चेपते. आर्मचा कोपरा मागे भिंतीकडे निघतो, त्याची जागा धरावी लागते. स्क्रीनच्या पाठीवरची चार भोकं बहुतेक ७५ किंवा १०० मिमीच्या चौकोनात आणि पेच सहसा एम४, म्हणजे ४ मिमी जाडीचे असतात.

बसण्याची उंची आकड्यावरून ठरवू नये. खुर्चीची उंची आधी, तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी. मग हात कोपरात काटकोनात ठेवून टेबल कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली. स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. दुहेरी भिंगांचा (बायफोकल) चष्मा असेल तर आणखी खाली. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी.

खुर्चीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गॅसची नळी पायथ्यात आणि बैठकीखाली नुसती टेकवायची, बसलं की वजनाने रुतते. हातोडीने ठोकू नये. बैठकीखालच्या यंत्रणेवर पुढची बाजू दाखवणारा बाण असतो, तो उलटा लागला तर खुर्ची पुढे कलते. पाठीचे बोल्ट सगळे दोन-तीन आटे धरेपर्यंत हाताने, मग आवळायचे. फरशीवर मऊ रबराची चाकं आणि गालिच्यावर कडक चाकं. खोक्यात आलेली बदलायला हरकत नाही, ओढली की निघतात. टेबलाच्या कडेपासून मागे ९० सेमी तरी मोकळं राहिलं तर खुर्ची मागे सरकवून उठता येतं.

पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नव्या बोर्डातल्या गोंदाचा वास, त्यातल्या फॉर्मॅल्डिहाइडसकट, बंद खोलीत साठतो. तीन-चार आठवड्यांनी टेबलाच्या चौकटीचे आणि खुर्चीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, वापराने ते थोडे ढिले होतात. कॅमला मात्र हलत असल्याशिवाय हात लावू नये. ॲलन की, उरलेले पेच आणि पुस्तिका एका पिशवीत घालून पिशवी टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावली आहे. खणात ठेवली असती तर सहा महिन्यांत सापडली नसती.